भट्टीला हुद्दा कळत नाही

आमच्याकडे नव्या सुनेनं पहिला रंग घोटायची रीत आहे. संस्थानच्या देवळासाठी निळ्या फरशा हव्या होत्या. मी कोबाल्टची भुकटी घोटून कच्च्या फरशीवर लावली. ती दिसत होती काळीकुट्ट. नेमके तेव्हाच त्रिंबकराव कारभारी आले.

“निळा सांगितला होता, हा काळा? या पोरीनं वाट लावली! हिला माहेरी धाडा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.”

सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “कारभारी, एका फरशीला तुमच्या पसंतीचा निळा तुम्हीच लावा. दोन्ही फरशा एकाच भट्टीत घालू.”

कारभाऱ्यांनी ऐटीत नीळ फासली. भट्टी उघडली, तर त्यांची फरशी पांढरीफटक आणि माझी गर्द निळी!

“माझा रंग गेला कुठे?”

“जळून गेला,” सासूबाई म्हणाल्या. “भट्टीला तुमचा हुद्दा सांगायचा राहिलाच, कारभारी.”

काम आमच्याकडेच राहिलं, आणि मीही. मी भुकटीत काय किती मिसळलं, हे सासूबाईंनी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी भट्टी उघडेपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. दोन हातांतला गार पडलेला हात त्यांचा होता.