दहा हजार सात पणत्या

गणितात माझा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. गुरुजी कान धरत, ती गोष्ट वेगळी. तरी ही गोष्ट मला समजली, तेव्हा तुम्हा शहाण्यांना समजायला हरकत नसावी.

एकदा एका व्यापाऱ्याची लेक मोठ्या दुखण्यातून उठली. तो देवाला नवस बोलला होता : पणत्या दहा हजार, आणि वर सप्तर्षींच्या सात. रिवाज असा, की पणत्या सारख्या ओळींत मांडायच्या. एक ओळ जरी लंगडी राहिली, तरी नवस अपुरा. ओळी ठरवण्याचे काम आले एका वृद्ध आचार्यांच्या शिष्याकडे.

शिष्याने तीन-तीनच्या ओळी धरल्या, दोन उरल्या. सात-सातच्या धरल्या, चार उरल्या. अकरा-अकराच्या, आठ. मी असतो तर तीनावरच घरी गेलो असतो. हा मात्र कोळशाने भिंतभर भागाकार करीत पाचव्या दिवशी चारशे बारापर्यंत पोचला. व्यापारी रोज दारात उभा : "जमतंय ना रे? पोरीला पुन्हा ताप भरला म्हणजे?" शेवटी शिष्याने वळकटी बांधली.

"निघालास?" आचार्यांनी विचारले.

"मला डोकंच नाही, आचार्य. त्या पोरीचं काही वाईट झालं तर पाप माझ्या माथी."

आचार्यांनी ओले फडके घेतले, शंभराच्या पुढचे सगळे भागाकार पुसून टाकले आणि शिष्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

"तीन दिवसांची मेहनत पुसलीत!" शिष्य भरल्या तोंडाने ओरडला.

"फुकटची होती, बाळा. दोन संख्या गुणून दहा हजार सात यायचे, तर दोन्ही शंभराच्या वर असतील कशा? एकशे एकला एकशे एकने गुणलं, की दहा हजार दोनशे एक होतात. म्हणजे धाकटी शंभराच्या आतच हवी. तिथवर तू चोख पाहिलंस. सापडली नाही, म्हणजे ती नाहीच. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कोणी निःशेष भागत नाही. तू हरला नाहीस. उत्तर 'नाही' असं होतं, आणि तू त्याला उत्तर मानायला तयार नव्हतास."

शिष्याची वळकटी खांद्यावरून घसरली. पाच दिवसांत प्रथमच तो हसला.

"अहो, पण माझ्या नवसाचं काय?" व्यापारी कळवळला.

"शेटजी, एकाने भाग जातोच की! एकच ओळ मांडा. देवळाच्या पायरीपासून लेकीच्या उंबऱ्यावरून थेट वेशीकडे. शेजारी दुसरी ओळच नाही, मग लंगडी ठरेल कशी?"

व्यापारी हुश्श करीत दारातच बसला, आणि डोळे पुसू लागला.

आचार्य मिशीत हसले. "पाहिलंस? बुद्धी चालवली, की कष्ट वाचतात."

"वाचतात ना," शिष्य गूळ चघळत म्हणाला. "मग आता कोसभर वाकत वाकत तेल घालायला तुम्हीच चला, आचार्य."