सोरारेनचा रांजण

नऊ डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, जिथे सरोवरावर गवताची बेटं तरंगतात आणि धनेश पक्षी माणसांशी बोलतात, तिथे याइमा नावाचा राजा राज्य करत होता. त्याचा नेम कधी चुकला नव्हता. एके दिवशी शिकारीत मारण्याजोगं काही उरलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "आता आभाळच राहिलं." आणि त्याने वर बाण सोडला.

बाण वर गेला आणि लागला. आभाळाचा राजा सोरारेन, मेघांचा आणि विजांचा धनी, जगाचं पाणी एका रांजणात साठवत असे. तो रांजण फुटला. सारं पाणी एका दिवसात कोसळलं, भातशेतं वाहून गेली, आणि आभाळ कोरडं झालं. मग वरून आवाज आला, "याइमा, तू माझं भांडं फोडलंस. तुझ्या राज्यातलं एकही भांडं आता पाणी धरणार नाही."

तसंच झालं. मडकं असो, पितळेची घागर असो की वेळूचं नळकांडं, ओतलेलं पाणी तळातून निघून जाई, आणि भोक शोधून सापडत नसे. चुलीवर भात शिजेना. लोक सरोवरावर जाऊन ओंजळीने पीत. जे चालू शकत नव्हते, त्यांच्या तोंडात घरची माणसं ओलं फडकं पिळत. राजाने आपल्या मांत्रिकाहाती तीन वेळा डोंगरमाथ्यावर सोनं पाठवलं. तिन्ही वेळा ते गारा होऊन दरबाराच्या छपरावर पडलं.

त्या राज्यात थोइनू नावाची कुंभारीण होती. तिचा नवरा चाओबा कड्यावरून पडून अंथरुणाला खिळला होता. दोन वर्षं ती त्याला फडक्याने पाणी पाजत होती. पण तिला जाळत होतं ते वेगळंच. तिच्या आईची, आजीची, तिची स्वतःची मडकी दारात रिकामी पडली होती, आणि लोक त्यांत सरपण ठेवू लागले होते.

ती नवऱ्याला म्हणाली, "बाण राजाने मारला, आणि शिक्षा माझ्या हातांना? मी विचारून येते."

"कोणाला?"

"ज्याने दिली त्याला. शेजारच्या बाया तुम्हांला पाणी देतील."

चाओबा म्हणाला, "जा. मान खाली घालून परत येऊ नकोस."

डोंगरमाथ्यावर एक म्हातारा धनेश बसला होता. तो म्हणाला, "बाई, इथून पुढे वाट नाही."

"मग मला घेऊन चल."

"आजवर जे आले ते सोनं घेऊन आले. तू काय आणलंस?"

"हात," थोइनू म्हणाली.

धनेशाने पाठ वाकवली. ती बसली आणि तो उडाला.

सोरारेन फुटक्या खापरांच्या ढिगाशेजारी बसला होता. त्याच्या अंगावर ढगांचं वस्त्र होतं, आणि दोन्ही मुठींत विजा होत्या. तो म्हणाला, "दया मागायला आलीस?"

"नाही, देवा. काम मागायला आले. तुझा रांजण मी घडवते. तो टिकला, तर माझ्या भांड्यांवरचा शाप काढ."

देवाने तिच्या हातांकडे पाहिलं. "आधी माती आण. जिच्यावर कधी कोणाचं पाऊल पडलं नाही, अशी."

थोइनू धनेशावर बसून खाली आली आणि सरोवरात उतरली. तरंगत्या बेटांखाली गवताची मुळं लोंबत होती, आणि मुळांना गाळ धरला होता. त्या गाळाला ना माणसाने तुडवलं होतं, ना जनावराने. छाती फुटेपर्यंत बुडी मारून तिने तो मूठमूठ काढला. एकवीस दिवस काढला. धनेशाने तो वर वाहिला.

"आता घडव," सोरारेन म्हणाला. "चाक हवं असेल तर चंद्राचं देतो."

"आमच्या बाया चाक वापरत नाहीत. मडकं जागेवर राहतं, आम्ही फिरतो."

मग ती रांजणाभोवती फिरू लागली. मातीची वळकटी वळकटीवर चढवत, आतून दगड लावून बाहेरून लाकडी फळीने ठोकत ती उलट्या पावलांनी चालत राहिली. एक फेरी एका दिवसाची होती. शंभर फेऱ्यांनी रांजणाचा काठ तिच्या डोक्यावर गेला, तेव्हा ती धनेशाच्या पाठीवरून ठोकू लागली. तिच्या टाचा फुटल्या, पण काठ कुठे वाकडा गेला नाही.

"आता भाज," देव म्हणाला. "मात्र माझ्या वनातली एक काडीही जाळायची नाही."

"मग तुझी वीज दे."

आभाळ थरथरलं. "वीज मी कोणाला देत नाही!"

"नको देऊस," थोइनू म्हणाली. "कच्च्या रांजणात पाणी भर."

धनेशाने भीतीने डोळे मिटले. सोरारेन उठला. मग तो हसला, आणि त्याने एक वीज तिच्या हातात ठेवली. ती तिने रांजणाखाली सारली. सात दिवसांनी रांजण तांबडा होऊन निघाला. सोरारेनने बोट वाकवून त्यावर टिचकी मारली. तो खणखणीत नाद नऊ डोंगरांत घुमला, आणि खाली माणसं दारात येऊन उभी राहिली.

"असा रांजण मला देवांनीही घडवून दिला नव्हता," सोरारेन म्हणाला. खापरांतून बाण उपसून त्याने तिला दिला. "हा ज्याचा त्याला दे. त्याने तो आपल्या हाताने, लोकांसमोर मोडला की शाप मोडला."

थोइनू दरबारात आली आणि तिने देवाची अट सांगितली. बाण पाहून राजाचा चेहरा उतरला. "हा न चुकणारा बाण आहे. माझ्या बापजाद्यांचा आहे. दुसरं काहीही माग."

"महाराज, माझीही मडकी माझ्या आईच्या हातची होती. आभाळाच्या राजाने आपली वीज एका कुंभारणीच्या हातात दिली. तुम्हांला एक बाण जड जातो?"

याइमा सिंहासनावरून उतरला, भरल्या मैदानात गेला, आणि त्याने बाण गुडघ्यावर मोडला. मांत्रिकाने एका जुन्या मडक्यात पाणी ओतलं. सारे वाकून तळ पाहत राहिले. पाणी राहिलं.

त्या संध्याकाळी नव्या रांजणातून पाऊस आला, आणि प्रत्येक चुलीवर भात शिजला. चाओबाने मडकं दोन्ही हातांनी धरलं आणि तो पोट भरेपर्यंत पाणी प्यायला.

राजाने दरबारात सेनापतीच्या वरचं आसन थोइनूसाठी मांडलं आणि तिला बोलावणं धाडलं. ती माती तुडवणं सोडून तशीच आली. गुडघ्यांपर्यंत चिखलाचे पाय घेऊन ती पांढऱ्या गालिचावरून चालत गेली आणि आसनावर बसली. मागे पावलं उमटली. सेवक पुसायला धावला, तेव्हा राजा म्हणाला, "राहू दे."

ती पावलं त्या राज्यात कोणी पुसली नाहीत. राजे आले, राजे गेले. दरबारात येणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून जातो.