वरातीचा हत्ती आणि चाळीस मासे

खूप खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही! राजकन्येचं लग्न ठरलं आणि राजाने हुकूम सोडला, "दरबाराच्या भिंतीवर नवऱ्यामुलाची वरात रंगवा!"

सात चितारी आले आणि सगळे एकदम भिंतीलाच भिडले. मग काय, नुसता गोंधळ! एकाने काढलेला घोडा दुसऱ्याने पुसला, तिसऱ्याने तिथे केळीचं झाड काढलं. हत्ती काढणारीने जेमतेम सोंड काढली, तर मागून मासे काढणारा खिदळला, "काय गं, ही भोपळ्याची वेल का?" बिचारी रडायचीच बाकी होती.

तेव्हा म्हाताऱ्या मुख्य चिताऱ्याने प्रत्येकाला एकेक कोपरा पडदा लावून दिला. "आत तुमची फळी, तुमचं राज्य. हव्या तितक्या चुका करा, कुणी डोकावणार नाही. जमलं की मगच भिंतीवर उतरवा. आणि दुसऱ्याचं काही पुसायचं असेल तर आधी त्याला विचारा."

हत्तीवालीला केवढा आनंद झाला! तिने त्या दिवशीची भिंत जशीच्या तशी फळीवर उतरवून घेतली, त्यातल्या वरातीच्या रस्त्यावर हत्ती काढायला घेतला, आणि जी आत बसली ती बसलीच. मासेवाला रोज हाक मारायचा, "अगं, भिंत बदलतेय, बघून तरी जा!"

"पूर्ण झाल्याशिवाय नाही येणार, काका!"

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती ऐटीत बाहेर आली. काय देखणा हत्ती! वर अंबारी, अंबारीत नवरामुलगा. पण भिंतीवर रस्ताच नव्हता! राणीच्या हौसेखातर मासेवाल्याने तिथे भलीमोठी नदी काढली होती.

तिने चुन्याचा कुंचला उचलला. "पुसून टाकते ही नदी!"

"माझे चाळीस मासे आहेत त्यात!" मासेवाला भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

म्हातारा म्हणाला, "पोरी, इतक्या दिवसांनी भिंत बघतेयस. नीट तरी बघ."

तिने बघितलं. नदी खरंच सुंदर होती हो! कुंचला खाली आला.

"काका, माझा हत्ती तुमच्या नदीत उतरला तर चालेल?"

"चालेल काय, धावेल! थांब, त्या दोन माशांना जरा बाजूला घेतो."

संध्याकाळ झाली तेव्हा भिंतीवर हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभा होता, सोंडेने वऱ्हाड्यांवर फवारे उडवत. दुसऱ्या दिवशी खरा नवरामुलगा भिंतीसमोर थांबला आणि पोट धरून हसला, "हा वरातीला निघालाय की अंघोळीला?" सगळा दरबार हसला, आणि राजाने तिला राजवाड्यातच चितारी म्हणून ठेवून घेतलं.

पुढेही ती पडद्याआडच काम करायची, भरपूर चुका करायची. पण रोज सकाळी आधी भिंत बघून यायची.

तात्पर्य: आपल्या कोपऱ्यात खुशाल चुकावं, पण सगळ्यांच्या भिंतीवर रोज नजर टाकावी.