अंबाडीच्या शेंड्याची कहाणी

ऐका, पाण्यातल्या आसरामायांनो, तुमची कहाणी. तळ्याकाठी एक आटपाट गाव होतं. तिथं येसू नावाची बाई राही. तिचा नवरा म्हादबा दोर वळी. ओढ्याकडेला त्यांचा एक शेततुकडा होता. येसू त्यात अंबाडी पेरी, तळ्यात भिजवी, सोलून वाखाचे लांब धागे काढी. म्हादबा त्या वाखाचा नाडा वळी. नाड्यावर गावाची मोट चाले, आणि गाव त्यांच्या घरी वर्षाचं धान्य घाली. नाड्याचा मान हाच त्यांचा आधार.

येसूला आसरांचा वसा होता. तो वसा काय? भादव्यात शुक्रवारी तळ्याकाठी दहीभात ठेवावा. शेजारणीच्या शेतावर सावडीला जावं, तिच्या कामाला आपला हात लावावा. अंबाडीची खालची पानं खावी, शेंडा खुडू नये.

मग एका वर्षी काय झालं? बाजारात कोवळ्या शेंड्यांच्या भाजीवर बायांच्या उड्या पडल्या. येसूनं पहिल्या दिवशी पाटी भरली, दुसऱ्या दिवशी पाटी भरली, तिसऱ्या दिवशी पाटी भरली. खुडल्या जागी चार-चार फुटवे आले. शेत गच्च दिसू लागलं. येसू हरखली, "एकाची चार झाली गं बाई!"

शेजारीण गंगीला घरात दुसरं कुणी नव्हतं. ती बांधावर आली. "येसू, यंदा नाडा वळतेस की खराटे बांधतेस?"

"तुला बघवत नाही का?"

"मला मेलीला काय! शुक्रवारी सावडीला येतेस ना?"

"मला बाजार आहे," येसू म्हणाली. दहीभात राहिला, सावडही राहिली.

मग येसूनं अंबाडी कापली, भिजवली, सोलली. फुटवा आला की वाख तुटे. सारा वाख आखूड निघाला. म्हादबानं तसाच नाडा वळला, दसऱ्याला विहिरीवर नेला. एकदा तुटला, जोडला. दुसऱ्यांदा तुटला, जोडला. तिसऱ्यांदा तुटला तो मोटेसकट पाण्यात गेला.

पाटील म्हणाले, "म्हादबा, कार्तिकी पुनवेपर्यंत धड नाडा आण. नाहीतर मान दुसऱ्या घरी."

येसू तळ्यावर जाऊन रडू लागली. मग काय झालं? सात बाया ओले केस पिळत काठावर आल्या.

"का गं रडतेस?"

"मी शेंडा खुडला, आयांनो. माझा वसा मोडला."

थोरली म्हणाली, "शेंडा खुडलास तो पोटासाठी. तो राग आम्ही गिळला. पण ती पलीकडं गंगीची अंबाडी अजून उभी का?"

येसूनं मान वळवून पाहिलं. सरळ, उंच, न खुडलेली अंबाडी वाऱ्यावर हलत होती. एकट्या बाईनं कापावी किती, वाहावी किती! परत वळते तो काठावर कुणी नाही.

मग येसू विळा घेऊन गंगीच्या शेतात गेली.

"आज बाजार नाही वाटतं?" गंगी म्हणाली.

"सावडीला आले."

"कापणी फुलात असते, नि तू आलीस फुलं सरल्यावर?"

"बोल, मला बोलच लागायला हवेत. पण पेंढी धर."

दोघींनी कापलं, दोघींनी भिजवलं, साल सुटू लागली तशी दोघींनी सोललं. वाख निघाला तो माणसाच्या उंचीचा, पांढराशुभ्र. येसूनं तो गंगीच्या ओसरीवर रचला. पुनव जवळ आली होती. एक पेंडकं मागावं असं तिच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं, पदर खोचला नि निघाली.

"चाललीस कुठं?" गंगी ओरडली. "एवढा वाख मी काय अंबाड्यात घालू? म्हादबाला हाक मार!"

मग नाडा वळला. पुनवेला विहिरीवर बांधला. बैल उतारावर गेले, नाडा ताणला, करकरला, पण तुटला नाही. भरली मोट वर आली, पाटात पाणी खळाळलं. पाटलांनी धान्याची पहिली पाटी येसूच्या पदरात घातली. येसू म्हणाली, "दुसरी गंगीच्या. मान आता दोन घरांचा."

जशा आसरामाया येसूला आणि गंगीला पावल्या, तशा तुम्हांआम्हां पावोत. शेती पिको, तळं भरो, हाकेला शेजार येवो. साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली, देवाच्या दारी सुफळ झाली.