कढईत केशर किती?

"हे केशरी दूध आहे की आजाऱ्याची पेज?" राणीसाहेबांनी वाटी आपटली. "केशर गेलं कुठं?"

हंबीरराजे गडबडीनं ओरडले, "आचाऱ्यानं ढापलं! बोलवा त्या सटवाजीला!"

सटवाजी धावत आला. "महाराज, रोजच्यासारखं चार चिमटी केशर, चार ओंजळी साखर. देवाशपथ!"

"मग विरघळलेलं केशर मोजून दाखव! नाहीतर दिवेलागणीच्या आत राज्याबाहेर चालता हो!"

झाली का पंचाईत! दुधात मुरलेलं केशर कुणी वेचून काढतं का? तेवढ्यात सटवाजीची लेक येसू पुढं झाली. बाप देशोधडीला लागणार होता, पण पोरीची जीभ काही अडखळली नाही.

"मी मोजते! बाबांच्या कढईएवढ्या पाच कढया दूध द्या."

"दुधाची नासाडी कशाला?" प्रधानजी म्हणाले. "पाण्यात केशर कालव की!"

"पाण्यातला पिवळा निराळा, दुधातला निराळा, प्रधानजी! दुधाशी दूधच ताडून बघायला हवं."

पहिली कढई कोरी. दुसरीत एक चिमटी केशर अन् एक ओंजळ साखर, तिसरीत दोन-दोन, असं करत पाचवीत चार-चार. प्रत्येकीतली एकेक वाटी भरून ओळीनं मांडली. पहिली पांढरीफटक, शेवटची हळद लागलेल्या नवरीसारखी! मग राणीसाहेबांची वाटी येसूनं ओळीतून सरकवत नेली. एका चिमटीपुढं गडद, तीनपुढं फिकट, अन् दोनपुढं? फरकच ओळखू येईना!

"दोनच!" राजांनी टाळी वाजवली. "म्हणजे निम्मं ढापलंच!"

सटवाजीनं कपाळाला हात लावला. पोटच्या पोरीनंच बुडवलं!

"थांबा की, महाराज! राणीसाहेब, आता गोडी बघा."

राणीसाहेबांनी एकेक वाटी चाखली. "अगंबाई! साखरही दोनच ओंजळी!"

"बाबांनी केशर ढापलं असतं, तर साखर पुरी लागली असती. दोन्ही निम्मी, म्हणजे कुणीतरी अर्धी कढई फस्त केली अन् वरून साधं दूध ओतून ठेवलं!"

"कोण तो मेला?"

"मी कशी नाव घेऊ? केशरी दुधावर रोज तुटून पडणारं कोण आज वाटीला हातसुद्धा लावत नाही, तेवढं बघा!"

सगळ्यांच्या नजरा राजांच्या भरल्या वाटीकडे वळल्या. नेमका तेव्हाच राजांना ढेकर आला. चांगला केशराचा!

राजे पोट धरधरून हसले. "दुपारी राहवलं नाही गं! जिंकलीस पोरी!" हातातलं सोन्याचं कडं त्यांनी येसूला दिलं, सटवाजीला शालजोडी दिली, अन् केशराच्या चारही कढया त्याच्या घरी धाडल्या.

"आणि ही उरलेली?" राजांनी विचारलं.

राणीसाहेबांनी कोऱ्या दुधाची कढई त्यांच्यापुढं सरकवली. "ही तुमची!"