पाठमोरा माळोबा

हिंगणमाळच्या टेकडीवर माळोबाचे देऊळ आहे. चाळीस पायऱ्या चढून गेलात, की गाभाऱ्यात दहा वर्षांच्या मुलाएवढा शेंदरी दगड दिसतो, आणि पहिल्यांदा आलेला माणूस हात जोडता जोडता थबकतो. देवाला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. समोर दिसते ती पाठ. चांदीचे डोळे पलीकडे, भिंतीकडे. गाव देवाच्या पाठीलाच हार घालते आणि पाठीलाच गाऱ्हाणे सांगते.

देवळाबाहेर देवस्थान मंडळाने फलक लावला आहे. गावाच्या लेकीसुनांची लाज राखण्यासाठी देवाने स्वतः तोंड फिरवले, एवढेच त्यावर लिहिले आहे. फलकाच्या शेजारी, शेवटच्या पायरीवर, गुरवांच्या घरातल्या अनसूयाबाई फुलांची पाटी घेऊन बसतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. पाहुण्याने फलक वाचून झाला, की त्या म्हणतात, "वाचलंत? आता ऐका." गुरवांच्या बायका ही हकिकत सासूकडून सुनेकडे सांगत आल्या आहेत. गावातले पुरुषही ती ऐकून आहेत. ऐकतात आणि हसून सोडून देतात.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा माळोबाचे तोंड गावाकडे होते. त्या काळी देवाची पूजा भिवा गुरवाकडे होती आणि त्याची बायको ठकू गाभारा झाडायची, दिवे घासायची, जत्रेआधी शेंदूर कालवायची. गाभाऱ्यात गुरवांखेरीज कुणी पाऊल टाकत नसे. गावच्या पाटलालासुद्धा उंबऱ्याशी थांबावे लागे.

एका वर्षी गावात गुरे मरू लागली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. रंगोजी पाटलाने देवाला कौल लावायचे ठरवले. भिवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुले चिकटवली आणि पाटलाने उंबऱ्याबाहेरून प्रश्न विचारला, की या गावात देवाच्या नजरेआड काही चालते का? उजवे फूल पडले. म्हणजे होय. हा प्रश्न कुठल्याही गावात विचारा, फूल उजवेच पडेल. माणसे राहतात तिथे काही ना काही नजरेआड चालायचेच. पण गुरे का मरतात हे कुणी विचारलेच नाही. पाटलाने आपल्या मनातले विचारले आणि सगळ्यांना वाटले, देव बोलला.

मग हुकूम निघाला. देवाच्या आणि गावाच्या मध्ये आडोसा म्हणून ठेवायचा नाही. दारे चौकटीतून काढून चावडीत रचली गेली. भिंती कमरेपर्यंत उतरवल्या. न्हाणीभोवतीचे कूड मोडले. गावामागे शेराचे दाट कुंपणासारखे रान होते, बायका तिकडे परसाकडला जात, तेही तोडून माळ साफ केला. रंगोजी पाटील लबाड असता तर बरे झाले असते. लबाड माणसाने स्वतःचे दार तरी ठेवले असते. त्याने पहिले दार स्वतःच्या घरचे काढले. त्यामुळे कुणाला तोंड उघडता येईना. साऱ्या गावात एकच दार उरले. देवळाचे. गाभाऱ्यात कुत्री शिरतील म्हणून ते राहू दिले होते.

पुरुषांचे काही अडले नाही. त्यांना ओढा होता, राने होती, निघून जायला मोकळीक होती. बायकांनी मात्र पाणी प्यायचे सोडले. दिवसभर जायला जागा नाही, तर पोटात काही जायलाच नको, असा हिशेब. अर्धी भाकरी, दोन घोट पाणी. अंघोळ करायची ती नेसत्या लुगड्यानिशी. नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले, कारण जो बोले त्याचा शब्द शेजारी ऐकू जाई. चार महिन्यांत गाव इतके गप्प झाले, की पाटलाला वाटले पाप संपले.

ठकूची सून सगुणा तेव्हा पोटुशी होती. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिले बाळंतपण सासरीच व्हायचे होते. पोर मूळची लाजरी. सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला, की हो म्हणायची आणि पाठ वळली की तुळशीत ओतायची. ठकूने एकदा पाहिले. रागावली नाही. कारण ती स्वतः तेच करत होती, फक्त ती पोटुशी नव्हती. सगुणाचे ओठ फुटले, पायाला सूज आली, डोळे खोल गेले. ठकूने भिवाकडे गाऱ्हाणे केले, भिवा पाटलाकडे गेला आणि तसाच परत आला. सगळ्यांना एकच नियम, पाटील म्हणाला होता.

वैशाखात, टळटळीत दुपारी, सगुणाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गुरवांच्या घरासमोर लिंबाचा पार होता आणि पारावर दुपारचे दहा-पंधरा पुरुष टेकलेले. भिंत कमरेएवढी. सगुणा आडवी होईना. खांबाला मिठी मारून उभी राहिली, पदर तोंडात कोंबला, मांड्या घट्ट. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला, तेव्हा पारावरून निरोप आला, की लुगडी खाली घ्या. भिवा धावत पाटलाकडे गेला. पाटील शांतपणे म्हणाला, देवापासून लपवून जन्मलेले पोर गावाला लाभायचे नाही. आणि पुढे असेही म्हणाला म्हणे, की पारावरची माणसे काही बघत नाहीत.

बघत नव्हती, हे खरे असेल. पण उठतही नव्हती.

गजराबाई सुईणीने सगुणाच्या पोटावर हात ठेवला आणि ठकूला बाजूला घेतले. बाजू कसली, चार पावले पलीकडे.

"ठके, पोर खाली यायला बघतंय आन् ही अंग आवळून धरतीया. हिला आडोसा दे. न्हाईतर दिवस मावळायच्या आत दोघंबी जातील."

"कुठला देऊ?" ठकू म्हणाली. आणि तिची नजर वर टेकडीवर गेली.

तिने सगुणाचा एक हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसरा गजराबाईच्या. तिघी पायऱ्या चढू लागल्या. पारावरची माणसे उभी राहिली, पण अडवले कुणी नाही. अडलेल्या बाईला देवाच्या पायाशी नवस बोलायला नेताहेत, असे त्यांना वाटले. दोघा-तिघांनी हातसुद्धा जोडले. चाळीस पायऱ्यांना किती वेळ लागला ते ठकूला कळले नाही. मध्येच सगुणा बसली. पुन्हा उठवली. वर पोचल्यावर ठकूने दोघींना गाभाऱ्यात घेतले, दार लोटले आणि आतून अडसर घातला. चार महिन्यांत तिने पहिल्यांदाच आतून दार लावले होते. अडसर खोबणीत बसल्याचा आवाज ऐकून तिला रडू आले, असे सांगतात.

विटाळ, सोवळे, गाभारा, हे सगळे तिला कळत नव्हते असे नाही. तिचा जन्म त्यात गेला होता. देव कोपला तर आपल्यावर कोपू दे, एवढे ती मनाशी बोलली आणि घोंगडे अंथरले.

पण सगुणाचे अंग सैल पडेना. समईच्या उजेडात तिची नजर एकाच जागी खिळली होती.

"आत्या," ती म्हणाली, "त्यो बगतोय."

ठकूने वळून पाहिले. चांदीचे डोळे चकाकत होते. चार महिने ज्या डोळ्यांच्या नावाने गावाची दारे गेली, ते डोळे आता हातभर अंतरावर होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा गुरवांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. माळोबाचा दगड भुईत पुरलेला नाही. खाली तळी, म्हणजे दगडी बैठक आहे, तळीत दगडी खुंटा आहे आणि त्यावर देव बसवला आहे, जात्याचा वरचा दगड बसवतात तसा. जत्रेआधी पाठीलाही शेंदूर लावावा लागतो आणि मागे भिंत जवळ, माणूस शिरत नाही. म्हणून बुडाशी तेल सोडायचे आणि देवाला खांद्याशी धरून फिरवायचे. काम झाले की पुन्हा जागच्या जागी. ठकूने पंचवीस वर्षे हे केले होते. गावाला वाटे, सहा गड्यांनी आणलेला देव, तो काय हलणार.

ठकूने समईतले तेल बुडाशी ओतले. हात जोडले नाहीत. दोन्ही तळवे देवाच्या खांद्याला लावून रेटा दिला. दगड करकरला आणि फिरला. डोळे भिंतीकडे गेले.

"आता कोन बी न्हाई," ती म्हणाली. "हो मोकळी."

सगुणा मोठ्याने ओरडली. चार महिने ज्या गावात कुणी आवाज चढवला नव्हता, त्या गावाने ती आरोळी ऐकली. आणखी घटका दोन घटका गेल्या आणि पोर रडले. मुलगी होती, हाडकुळी, पण जिवंत. आईही वाचली.

दार उघडले तेव्हा सगळे गाव पायऱ्यांवर जमले होते. गाभाऱ्यात पोर जन्मले म्हणून काही जण रागाने लाल झाले होते. पण पाटील उंबऱ्याशी आला, त्याने आत पाहिले आणि तो तिथेच खाली बसला. समोर देवाची पाठ होती.

"देवानं तोंड फिरिवलं," तो म्हणाला. मग रडत रडत म्हणाला, की पोरीबाळींची लाज आम्ही राखली नाही, ती देवाने राखली. आजच्या आज दारे बसवा. मघाचे लाल झालेले लोकही पाया पडू लागले.

ठकूला हे ऐकवेना. चार महिने बायका गाऱ्हाणे घालत होत्या तेव्हा ज्याला काही कळले नाही, त्याला दगडाची पाठ बघून सगळे कळले होते. ती उंबऱ्याशी आली.

"देवानं न्हाई. म्या फिरिवला."

कुणीतरी मागून हसले. पाटील हसला नाही. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, सहा गड्यांचा दगड बाईने फिरवला, हे खरे असेल तर आमच्यादेखत परत फिरव. तू फिरवलास तर देवाचा कौल पहिलाच खरा. मग दारे चावडीतच राहू दे.

ठकू गाभाऱ्यात गेली. दगडाला हात लावले. बुडाशी तेल अजून ओले होते. बोटभर रेट्याने दगड हलला असता, हे तळव्यांना कळत होते. भिवा उंबऱ्यात उभा होता. त्यालाही कळत होते. कोपऱ्यात घोंगड्यावर सगुणा पडली होती. गजराबाई तिला पाणी पाजत होती आणि ती ते पीत होती. तांब्या रिकामा झाला तेव्हा तिने आणखी मागितले.

ठकूने दात-ओठ खाऊन जोर लावल्यासारखे केले, पाय रोवल्यासारखे केले, आणि हात खाली सोडले.

"न्हाई फिरत," ती म्हणाली.

देवाची करणी आपली म्हणून सांगितल्याबद्दल गावाने तिला उंबऱ्यावर नाक घासायला लावले. तिने घासले. दिवस मावळायच्या आत चावडीतली दारे घरोघर गेली. गुरे पुढेही मेली म्हणे, दोन वर्षे, पण ते कुणी फारसे सांगत नाही.

त्यानंतर दर वर्षी जत्रेआधी ठकू दार लावून एकटीच गाभाऱ्यात जाई, देवाचे तोंड आपल्याकडे वळवी, शेंदूर लावी आणि पुन्हा भिंतीकडे करी. त्या वेळी ती देवाशी काय बोलत असेल ते कुणाला माहीत नाही. गुरवांच्या बायकांनाही नाही. हात थकल्यावर तिने हे काम सगुणाला सांगितले. दुसऱ्या कुणाला सांगितले नाही. भिवाने ती गोष्ट मरेपर्यंत काढली नाही. फलकावर तिचे नाव नाही. अनसूयाबाईंनी मंडळाला दोनदा सांगून पाहिले. मंडळ म्हणाले, श्रद्धेचा प्रश्न आहे.

आजही हिंगणमाळात नवे घर बांधताना पहिली चौकट न्हाणीला बसवतात, मग बाकीची. चौकटीला दार लागले, की आतली कडी लावून बघण्याचा मान घरातल्या सुनेचा. हळदकुंकू वाहून ती एकटी आत जाते आणि कडी लावते. बाहेर सासरा, दीर, नवरा, बोलावलेली सगळी मंडळी दाराकडे पाठ करून उभी राहतात. आत किती वेळ थांबायचे ते तिने ठरवायचे. तिला हाक मारायची नाही, दार वाजवायचे नाही, असा दंडक आहे. बहुतेक जणी लगेच हसत बाहेर येतात. काही जणी बराच वेळ येत नाहीत. मांडवात जेवण निवते, उन्हात उभे असलेले पाय बदलतात, आणि आतून कुठलाही आवाज येत नाही.