डाव्या पंखातलं पीस

"आता यात काय राहिलंय, माई?"

निनादने लॅपटॉप वेणूमाईंसमोर सरकवला आणि तो मागे रेलून बसला.

पडद्यावर मोरघार होती. गरुडाच्या जातीची. कड्यावरून नुकती झेपावलेली, दोन्ही पंख पुरते उघडलेले, डोळ्यात उन्हाचा ठिपका. मागे नितळ निळं आभाळ.

वेणूमाई उमराणी सत्तरीच्या पुढच्या. शिकारी पक्ष्यांचे फोटो काढण्यात जन्म गेलेला, तोही रोल धुण्याच्या काळापासून. घाटाखालच्या त्यांच्या घरात डार्करूम अजून होती, पण तिथे आता कांदे पसरलेले असत आणि फोटो धुवायच्या ट्रेमध्ये आवळे वाळत.

निनाद सबनीस पुण्याचा. गेले काही हिवाळे तो त्यांच्याकडे शिकायला येत होता. हात चांगला होता. चांगला आहे हे त्याला ठाऊकही होतं.

पुण्यातल्या एका प्रदर्शनाने त्याच्याकडे फोटो मागितला होता. भिंतभर मोठा करून लावणार होते. खाली आपल्या नावापुढे त्याला लिहायचं होतं, 'वेणूमाई उमराणी यांचा शिष्य'.

असं लिहायला माईंनी आजवर कुणालाच हो म्हटलं नव्हतं.

माईंनी भडंगाची वाटी बाजूला ठेवली. पदराला हात पुसले. फोटो पाहिला... पाहत राहिल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कोण ही?"

"मोरघार."

"ते दिसतंय. कोण?"

निनादला प्रश्नच कळेना.

"घोणकड्यावरची, माई. घरट्यातली मादी. तुम्हीच तर दाखवलीत मला."

"ही ती नाही."

"तीच आहे."

"तिच्या डाव्या पंखात एक पीस नाही."

निनाद हसला. जीव भांड्यात पडल्यासारखा.

"ते होय! ते मी भरलं. उजव्या पंखातलं घेतलं, उलटं केलं आणि बसवलं. एक फांदी मध्ये येत होती, तीही काढली. रात्रीच्या रात्री गेल्या त्यात."

माईंनी चष्मा सारखा केला. पडद्याजवळ वाकून त्या पिसावरून नजर फिरवली.

"सांधा कुठे दिसत नाही. रफू करणाऱ्यालाही जमायचं नाही असं."

"मग लिहू ना तुमचं नाव?"

"उद्या सकाळी कड्यावर जाऊ."

"माई, फोटो उद्याच पाठवायचाय."

"सकाळी," माई म्हणाल्या आणि वाटी त्याच्यापुढे केली. "खा. लसूण जरा जास्त झालाय."

दुसऱ्या दिवशी उजाडायला दोघं कड्यासमोरच्या टेकाडावर जाऊन बसली. घरट्यापासून चांगलं लांब. टेकाडाच्या पुढे माई कुणाला पाऊल टाकू देत नसत.

निनादने कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, त्यावर लांब लेन्स चढवली. माईंनी कॅमेरा आणलाच नव्हता. थर्मास आणला होता.

घरट्यात पिल्लू एकटंच होतं. अंगाने आईएवढं झालेलं. पंख फडफडवायचं, काठापर्यंत यायचं, खाली बघायचं... आणि पुन्हा आत जाऊन बसायचं.

ऊन कडा उतरून खाली आलं. मादी आली नाही.

निनाद वाट बघून कंटाळला. घुश्शातही होता.

"माई, फोटो देखणा नको का असायला?"

"असावा की."

"लोक लांबून येणार बघायला. त्यांना काय तुटका पंख दाखवायचा?"

माईंनी झाकणात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"तुम्ही डार्करूममध्ये काहीच करत नव्हता?"

"पुष्कळ करायचे."

"मग मी केलं तर..."

"शू," माई म्हणाल्या. "आली."

खालच्या दरीतून मोरघार वर येत होती. पायात तित्तर. निनादने चहा टाकून कॅमेऱ्याला डोळा लावला. बटण दाबलं, दाबत राहिला. ती कड्याला समांतर गेली, वळली आणि थेट त्यांच्या डोक्यावरून फिरली. ऊन तिच्या पंखांतून आरपार आलं.

निनादचं बोट थांबलं.

"माई..."

"हं."

"पीस येतंय."

डाव्या पंखातल्या मोकळ्या जागेत नवं पीस निघालं होतं. अर्धंमुर्धं, शेजारच्या जुन्या पिसांपेक्षा गडद. दोन्ही बाजूंनी त्याच्याभोवती आभाळाची चिंचोळी फट दिसत होती.

मोरघार घरट्यावर उतरली. पिल्लू ओरडत तिच्या अंगावर धावलं. तिने तित्तर पायाखाली दाबलं आणि फाडून भरवायला सुरुवात केली.

निनाद बघत होता. कॅमेरा तसाच रोखलेला, बटण मात्र तो दाबत नव्हता.



"पीस भरणं माझ्यापेक्षा बरं जमतंय तिला," तो म्हणाला.

माई खळखळून हसल्या. मग तोही हसला. घुस्सा कधी गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

सांडलेल्या चहाच्या जागी माईंनी दुसरा ओतला. दोघं ऊन तापेपर्यंत तिथेच बसून राहिली.

घरी आल्यावर निनादने सकाळचे फोटो उघडले. त्यातल्या एकावर तो थांबला. मोरघार वळते आहे, डावा पंख वर, नवं पीस अर्धवट. खालच्या कोपऱ्यात गवताची एक काडी मध्ये आलेली, शेपटीचं टोक तिच्यामागे गेलेलं.

"हा पाठवतो."

माई आवळे उलटे करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कालचा?"

"कालचा राहू दे माझ्याकडे."

"बरं."

"आणि खाली..."

"लिही, तुला लिहायचंय ते."

निनाद उठला, नमस्काराला वाकू लागला. माईंनी आवळ्याच्या हातानेच त्याला अडवलं.

"आधी काम संपव."

तो पुन्हा बसला. त्यांना फोटो दाखवत म्हणाला, "डोळा भुवईच्या सावलीत गेलाय. उजळू?"

"डोळा होता ना तिथे?"

"होता."

"मग उजळ."

त्याने उजळला. डोळा पिवळाधमक निघाला.

गवताच्या काडीला त्याने हात लावला नाही. पिसाकडे तर वळलाही नाही.

मग आभाळात, पक्ष्याच्या जरा वर, त्याला एक करडा ठिपका दिसला. बोट सवयीने तिकडे गेलं... आणि थांबलं. त्याने हात काढून मांडीवर ठेवला.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"ठिपका आहे एक. असू दे. जे आहे ते आहे."

माई उठून त्याच्यामागे आल्या. खांद्यावरून वाकून बघितलं.

"कसला ठिपका?"

"कॅमेऱ्याच्या आत धूळ बसते, माई. तिचा."

माईंनी त्याच्या डोक्यात हलकेच टपली मारली.

"पूस की मग. धूळ आपली आहे."